दोन अर्धे डबे

कर्टिस हा आमच्या गावातला नळवाला. हिवाळ्यात पाइप दुरुस्त करतो, उन्हाळ्यात चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत कापतो आणि बारा महिने लोकांच्या घरची कॉफी पितो. मार्चमध्ये माझ्या तळघरातला पाइप गळायला लागला म्हणून त्याला बोलावलं. आल्या आल्या त्याने बूट काढले आणि पाइप राहिला बाजूला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला.

एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"मिसेस कोस्की, ही कॉफी कुठल्या दुकानातली?"

"नेहमीच्या."

"एकाच दुकानातली का, असं विचारतोय मी."

मग मला कबूल करावं लागलं. दोन पुडे अर्धे अर्धे उरले होते, एक आमची नेहमीची कडक कॉफी आणि एक मुलीने नाताळात पाठवलेली, कसला तरी गोड वास असलेली. मी दोन्ही एका डब्यात ओतले. कपाटात दोन अर्धे डबे दिसले की माझ्या हाताला खाज सुटते, त्याला मी काय करू? खाणीतल्या मजुराच्या घरात आम्ही सहा भावंडं वाढलो. आई म्हणायची, अर्धा डबा जागा पुऱ्या डब्याची खातो. तेव्हापासून मधात मध, पिठात पीठ, साबणात साबण. माझा नवरा टाउनो म्हणायचा, "एल्मा, जागा वाचते म्हणून तू एक दिवस मला आणि मेल्विनला एकाच खुर्चीत बसवशील."

मेल्विन म्हणजे समोरच्या घरातला मेल्विन नीमी. टाउनोने हे म्हटलं तेव्हा ते दोघं खरंच एका खुर्चीत बसले असते, इतकं त्यांचं सूत जमलेलं होतं. ते पुढे सांगते.

कर्टिस तळघरात उतरला. जिन्याखाली वाकून शिरताना त्याच्या शर्टाचं बटण तुटून कुठेतरी घरंगळलं. मी म्हटलं, काढ तो शर्ट, पाइप होईपर्यंत लावून देते. शिवणाच्या टेबलावरचा बटणांचा डबा घेतला. लाल पत्र्याचा आहे, वरचं चित्र घासून घासून गेलंय, पण झाकण अजून घट्ट बसतं. चार भोकांचं एक पांढरं बटण शोधलं, तेवढ्यात खालून हाक आली.

"या फळ्या काढाव्या लागतील. पाइप मागून गेलाय."

"काढ. ओल येते म्हणून टाउनोने ठोकल्या होत्या."

थोडा वेळ नुसता खिळे उपटण्याचा आवाज आला. मग कर्टिस म्हणाला, "ओल येते म्हणून कोणी चाळीस खिळे ठोकत नाही, मिसेस कोस्की. जरा खाली या."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या जिन्याने उतरणं म्हणजे एक कामच असतं. मी उतरले. फळ्यांच्या मागे, जिन्याच्या पोटात, टाउनोचं जुनं टेबल जसंच्या तसं होतं. त्यावर बोल्टने बसवलेलं दांड्याचं यंत्र. कॉफीच्या डब्यांत भरलेल्या पितळी पुंगळ्या. फडक्याखाली छोटा तराजू. टिकल्यांच्या चपट्या पेट्या. शिशाच्या गोळ्या. दारूचा एक निळा डबा, आणि शाळेतल्या मुलांची असते तसली एक वही. दारू म्हणजे बंदुकीची. टाउनोने पिण्याची दारू कधी घरात आणली नाही.

घरी काडतुसं भरणं आमच्याकडे काही नवलाचं नाही. गावात दर तिसऱ्या तळघरात हे सामान सापडेल. झाडलेली पुंगळी उचलून आणायची, तिला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची की झालं. पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते, त्या दिवशी शाळेलासुद्धा सुट्टी असते. त्याआधीचा महिनाभर बाया चर्चमध्ये एकमेकींना विचारतात, तुझा नवरा वर येतो का जेवायला, की तळघरातच वाढतेस?

मला वाटत होतं टाउनोने हे सगळं विकलं. एक्याऐंशी साली मी विचारलं होतं, त्या सामानाचं काय केलंस? तो म्हणाला, "बंद केलं." मी पुढे विचारलं नाही.

कर्टिसला मात्र आनंद झाला. यंत्राचा दांडा वरखाली करून बघत तो म्हणाला, "अजून लोण्यासारखं चालतंय. विकणार असाल तर आधी मला सांगा."

"दारूचं काय करू?"

"ती नाही मी घेणार. दुसऱ्याने उघडलेला डबा आम्ही कोणी वापरत नाही, नियमच आहे तो. ती दारू मी माझ्या सासऱ्यालाही देणार नाही." जरा विचार करून तो म्हणाला, "सासऱ्याला कदाचित देईन."

"मग फेकू कुठे?"

"बर्फ वितळला की गवतावर पातळ भुरभुरवा. सगळे तेच करतात. खत होतं, गवत असं मातल्यासारखं वाढतं."

पाइप झाला, बटण झालं, दुसरी कॉफी झाली. ती त्याने तोंड वाकडं न करता प्यायली. तो गेल्यावर मी पुन्हा खाली उतरले, निळा डबा आणि वही घेऊन वर आले. का, ते खरं सांगते. टाउनोची चूक मला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

आता मेल्विनचं.

टाउनो आणि मेल्विन एका बाकावर शिकले, एका लाकूडगिरणीत लागले. मेल्विन गिरणीत मोठ्या करवतीचे दात कानशीने घासायचा. ते काम दोन डोळ्यांचं. दात किती पुढे, किती मागे, हे केसाएवढं कळावं लागतं. टाउनो अर्ध्या आळीसाठी काडतुसं भरायचा आणि त्याबदल्यात लोक मासे, बटाटे आणून द्यायचे. एक्याऐंशीच्या ऑक्टोबरअखेर त्याने मेल्विनच्या वडिलांच्या जुन्या बंदुकीसाठी वीस काडतुसं भरली. पंधरा नोव्हेंबरला सकाळी मेल्विनने पहिलं झाडलं आणि बंदूक त्याच्या तोंडाशी फुटली. उजवा डोळा गेला.

टाउनोने कोणी विचारायच्या आधीच सांगितलं. शेरीफला सांगितलं, पाद्र्यांना सांगितलं, इस्पितळात मेल्विनला सांगितलं: "चूक माझी. तराजू हलला असणार, दारू जास्त पडली." मेल्विन म्हणाला, "माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस." गिरणीने मेल्विनच्या हातात झाडू दिला आणि त्याने निवृत्तीपर्यंत तो धरला.

टाउनोने उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. पण बर्फ पडला की पहाटे उठून मेल्विनच्या फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ तो काढायचा. पहिल्या वर्षी मेल्विनने काय करावं? उजाडल्यावर फावडं घेऊन बाहेर आला आणि तो सगळा बर्फ परत वाटेवर टाकला. एका डोळ्याने अंतर कळत नाही, त्यामुळे निम्मा स्वतःच्याच बुटांवर पडत होता. मी खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी टाउनोने पुन्हा काढला. असं तीन हिवाळे चाललं, मग मेल्विन दमला आणि वाट मोकळी राहू लागली.

आणि मी? मी टाउनोला सोडलं असेल होय. मला लोकांसमोर मान खाली घालावी लागली होती. त्याला रेडिओवर हॉकी ऐकत काडतुसं भरायची सवय होती आणि मी शंभर वेळा सांगितलं होतं की रेडिओ बंद कर. त्यानंतर घरात कप फुटला तरी मी म्हणायचे, "बेपर्वा." दिवा चालू राहिला, "बेपर्वा." बावीस वर्षं. तो म्हणायचा, "हो." एवढंच. मला वाटायचं, याला लाज कशी नाही, एकदा तरी बाजू मांडायची.

दोन हजार तीन साली तो गेला. दफनाच्या दिवशी आम्ही घरातून निघालो तेव्हा मेल्विन अंगणात लाकडं फोडत होता, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याची कुऱ्हाड थांबली नाही. दगडावर टाउनोच्या नावाशेजारी माझंही नाव कोरून घेतलंय, जन्मसालासकट. एक साल तेवढं बाकी आहे.

तर ती वही. टाउनोचं अक्षर बारीक आणि सरळ. तारीख, कोणासाठी, किती. शेवटची भरलेली ओळ: "३० ऑक्टोबर. मेल्विन. वीस." त्याखाली एक ओळ सोडून:

"१६ नोव्हेंबर. उरलेली एकोणीस उघडली. दारूचं वजन सगळ्यांत बरोबर."

हे मी तीनदा वाचलं. वजन बरोबर? मग गावभर तराजू हलला म्हणून का सांगत सुटला हा माणूस?

खाली आणखी होतं.

"निळ्या डब्याचं वजन वाढलंय. कसं?"

मी निळा डबा फिरवून बघितला. टाउनोची एक पद्धत होती. डब्याला तो उभी चिकटपट्टी लावायचा, आणि काम संपलं की डबा तोलून त्यावर वजन लिहायचा. पट्टीवर आकडे उतरत गेलेले होते. चौदा औंस. साडेबारा. अकरा. पावणेदहा. साडेआठ. त्याखाली, तीस ऑक्टोबरच्या तारखेला, सव्वाअकरा. दारू काढल्यावर डबा जड झालेला. त्याने आकडा लिहिला होता पण वाचला नव्हता. रेडिओ चालू असणार.

वहीत पुढची ओळ होती, "लाल डबा जागेवर नाही."

आणि त्याखाली, वेगळ्या पेन्सिलीने, जरा मोठ्या अक्षरात:

"लाल डबा एल्माच्या शिवणाच्या टेबलावर. बटणं."

पुढची सगळी पानं कोरी.

मी टेबलाकडे बघितलं. डबा तिथेच होता, कर्टिसचं बटण शोधताना बाहेर सांडलेली दोन-चार बटणंही तशीच होती.

मला आठवायला काही कष्ट पडले नाहीत, याचंच वाईट वाटलं. ते सगळं कुठेतरी नीट ठेवलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये टाउनोची बहीण राहायला येणार होती म्हणून मी तळघर झाडायला घेतलं होतं. टेबलावर दोन डबे, एक लाल, एक निळा, दोन्ही अर्धे. दोन्हींत सारखेच करडे, खसखशीएवढे दाणे. लाल डबा दिसायला छान होता, त्यावर उडत्या बदकाचं चित्र होतं. मी लाल निळ्यात ओतला, डबा धुतला, उन्हात वाळवला आणि बटणं भरली. दहा मिनिटांचं काम. मला तेव्हा आपण टापटीप असल्याचं समाधानसुद्धा वाटलं होतं.

लाल डब्यातली दारू पिस्तुलाची होती. ती झपाट्याने पेटते, मोठ्या बंदुकीत तेवढ्याच वजनाने भरली तर नळी फोडते. टाउनो जेवताना सांगायचा की टेबलावर एका वेळी एकच डबा उघडायचा, हा पहिला नियम. मी ऐकायचे आणि वाढायचे. डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. पण आमच्या घरी डब्यावर लिहिलेलं काही खरं नसायचं. साखरेच्या डब्यात मीठ, चहाच्या डब्यात खिळे, आईकडे असंच होतं.

आणि बावीस वर्षं मी त्याला बेपर्वा म्हणत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. तो "हो" म्हणायचा तेव्हा मागे टेबलावर तो डबा असायचा. त्याच्याच शर्टांना मी त्यातली बटणं लावली. तो समोर उभा राहून लावून घ्यायचा.

मी रडले. मला रडायला फारसं येत नाही, म्हणून लवकर आटपलं. मग वही शेगडीशेजारच्या लाकडांवर नेऊन ठेवली.

नऊ दिवस ती तिथेच होती. जाळली असती तर कोणाला काही कळलं नसतं. टाउनोला कळून कळून काय कळणार होतं, आणि त्याने स्वतःच तसं ठरवलं होतं. ही पळवाट मला फार आवडली होती. नवऱ्याची इच्छा मोडू नये वगैरे. पण समोरच्या घरावर विक्रीची पाटी लागली होती. मेल्विनची मुलगी ईस्टरच्या आधीच्या शनिवारी येऊन त्याला तिच्या शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार होती. ऐंशी वर्षांचा माणूस तिथे जाणार, आणि टाउनोने माझा डोळा घालवला हे मनात घेऊन मरणार. मग टाउनो कायमचा तोच बेपर्वा माणूस राहणार. रोज सकाळी शेगडी पेटवताना मी वही उचलून बाजूला ठेवायचे, लाकूड घ्यायचे, आणि वही परत तिथेच.

दहाव्या दिवशी कोट चढवला आणि रस्ता ओलांडला. पस्तीस वर्षांत त्या घरात गेले नव्हते.

मेल्विनने दार उघडलं. घरभर खोकी होती. उजव्या डोळ्याची पापणी शिवल्यासारखी मिटलेली, डावा मात्र पूर्वीसारखाच खवचट.

"घर विकत घ्यायला आलीस?"

"नाही."

"मग शिळ्या कढीला ऊत आणायला."

"हो," मी म्हटलं. "त्यालाच."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. तो बाजूला झाला. मी आत गेले तशी कोटात बटणं वाजली.

"काय वाजतंय ते? ताकाला आलीस तर भांडं कशाला लपवतेस?"

मी लाल डबा, निळा डबा आणि वही त्याच्या टेबलावर ओळीने ठेवली. बसायला एकच खुर्ची उरली होती, ती त्याने मला दिली नाही आणि स्वतःही घेतली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. तळघर झाडायला घेतलं तिथपासून. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर सजवायला लागले असते.

त्याने खोक्यातून भिंग शोधून काढलं. वही डाव्या डोळ्याशी धरून वाचली. मग निळा डबा उचलला आणि पट्टीवरून अंगठा खाली खाली नेला.

"पावणेदहा. साडेआठ. सव्वाअकरा." अंगठा थांबला. "हा आकडा त्याने स्वतः लिहिलाय."

"हो."

"आणि बघितला नाही. गाढव."

"रेडिओ चालू असणार."

"तेवढी चूक त्याची."

"तेवढी त्याची," मी म्हटलं. "बाकी माझी. माझ्यामुळे तुझा डोळा गेला, मेल्विन. माफ कर म्हणायला मी आले नाही. म्हणजे, आले आहे. पण नाही केलंस तरी मला चालेल. टाउनोचं नाव तेवढं मनातून काढ."

तो खुर्चीत बसला. लाल डब्याचं झाकण काढून त्याने बटणांत बोट फिरवलं.

"तुला कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

"दहा दिवस काय करत होतीस?"

"वही जाळायची की नाही ते ठरवत होते."

"मग?"

"जमलं नाही."

तो हसला नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलला. मग म्हणाला, "उन्हाळ्यात तुमच्या खिडक्या उघड्या असायच्या. ठाऊक आहे ना?"

"हो."

"मी ओसरीत बसायचो. तू त्याला झापायचीस ते सगळं ऐकू यायचं. बेपर्वा, बेपर्वा. मला बरं वाटायचं, एल्मा. म्हणायचो, चला, घरातही सुख नाही गड्याला. त्या दिवशी झोप छान लागायची."

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी त्या माणसाला धरून ठेवलं होतं, आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता.

"एकदा तरी उलट बोलायचं," मेल्विन म्हणाला. "एकदा म्हणायचं होतं, बाई, तुझा तो डबा उघड आणि बघ."

"तो तसा नव्हता."

"मला सांगतेस? तुझ्या आधीपासून ओळखत होतो मी त्याला." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पस्तीस वर्षं एका माणसावर रागावून होतो. आता दुसरा माणूस आणून उभा केलास. तोही असा, की गुडघे दुखतात आणि कोटात बटणं वाजतात. आता नवीन राग कुठून आणू मी? तेवढं बळ आहे का अंगात?"

"नसेल तर राहू दे."

"राहू दे कसं? माझ्या दारचा बर्फ काढायचा तो. मी परत टाकायचो." त्याने चांगला डोळा पुसला. दुसऱ्यातूनही पाणी येतं, हे मला माहीत नव्हतं. "लाकडं फोडत होतो मी त्या दिवशी. लाकडं काही लागत नव्हती. चांगली भरलेली होती कोठी."

मी दोन्ही डबे आणि वही उचलायला गेले. त्याने निळ्या डब्यावर हात ठेवला.

"हा राहू दे इथे."

"मिसळलेली दारू आहे ती, मेल्विन. कोणी बंदुकीत—"

त्याने डावा डोळा माझ्यावर रोखला. "मला शिकवणार तू?"

मी लाल डबा आणि वही घेऊन घरी आले. तो दारापर्यंत सोडायला आला नाही. शनिवारी त्याच्या मुलीची गाडी आली, खोकी भरली गेली, आणि तो पुढच्या सीटवर बसून समोर बघत गेला. मी खिडकीत उभी होते. हात वगैरे काही केला नाही त्याने. पत्र नाही, फोन नाही. मला वाटलं, हे असंच राहणार, आणि ते वाजवीच होतं.

जूनमध्ये कर्टिस आला. नळाचं काही काम नव्हतं. बूट काढून टेबलाशी बसला आणि तक्रार सुरू केली.

"मिसेस कोस्की, टाउनोच्या कबरीवर काय टाकलंत?"

"मी? काही नाही. मी ईस्टरनंतर गेलेच नाही, गुडघा धरलाय."

"मग कोणी टाकलं? सगळीकडे गवत घोट्याएवढं आणि तिथे गुडघ्यापर्यंत. एकट्या त्याच्यासाठी मला आठवड्यात दोनदा मशीन काढावं लागतंय."

मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

"ईस्टरच्या आधी तो म्हातारा नीमी गाव सोडून गेला ना," कर्टिस म्हणाला, "त्या दिवशी मुलगी त्याला धरून दफनभूमीत आणताना मी पाहिलं होतं. तोच असणार. आणि दारू टाकायची तरी धड टाकावी की नाही माणसाने? सरळ टाउनोवर टाकायची सोडून निम्मी शेजारी सांडलीय, तुमच्या रिकाम्या जागेवर. दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार. दोन्ही नावांखाली."

एका डोळ्याने अंतर कळत नाही. बर्फ टाकताना निम्मा बुटांवर पडायचा. तसंच झालं असेल, किंवा नसेलही झालं. मला विचारता येणार नाही, आणि मी विचारणारही नाही.

"हसताय का रडताय?" कर्टिसने विचारलं.

"पाणी उकळतंय, वाफ लागली," मी म्हटलं आणि त्याच्यासमोर कप ठेवला. त्याने आधी वास घेतला, मग संशयाने माझ्याकडे बघितलं.

"पी," मी म्हटलं. "एकाच पुड्यातली आहे."